पाचोळ्यातील नवरंग आणि डॉ. सलीम अली

जयपूर शहराच्या कडेला, वस्तीला अगदी खेटून, अरवलीच्या टेकड्यांमध्ये झालानाचे रान पसरलेले आहे. सुमारे २० चौरस किलोमीटरचा हा टापू एके काळी जयपूरच्या राजघराण्याचे शिकारीचे रान होता. धोकाची झाडे, काटेरी झुडपे आणि खडकाळ नाळी यांनी भरलेले हे उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वन उन्हाळ्यात करडे व निष्प्राण भासते. गेल्या दशकापासून तेथे बिबट्या पाहण्यासाठी देशोदेशीचे प्रवासी येतात. मात्र जूनच्या अखेरीस आभाळ भरून येऊ लागले, की पहाटेच्या आणि सांजेच्या वेळी त्या रानातून दोन सुरांची एक स्वच्छ शीळ ऐकू येऊ लागते. जाणकार ती ऐकतात आणि बिबट्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवून झुडपांच्या बुंध्याशी, पाचोळ्यावर नजर खिळवतात. ती शीळ नवरंगाची असते.

नवरंग हा जेमतेम १९ सेंटिमीटर लांबीचा, आखूड शेपटीचा, उंच पायांचा पक्षी. पाठ हिरवी, पोट पिवळसर बदामी, कंठ पांढरा, डोळ्यावरून जाणारा काळा पट्टा, पंखांवर झळकणारा निळा ठसा आणि शेपटीखाली गडद किरमिजी रंग, अशी त्याची शोभा आहे. इतके रंग अंगावर वागवणारा पक्षी सहज दिसावा असे कोणासही वाटेल. पण त्याचे सारे आयुष्य जमिनीलगतच्या सावलीत जाते. तो टुणटुण उड्या मारीत पाने उलथतो, त्यांखालचे किडे टिपतो, क्षणभर थांबून शेपटी हळूच खालीवर हलवतो आणि माणसाची चाहूल लागताच आडोशाला सरकतो. घरटेही जमिनीवर किंवा ठेंगण्या झाडावर, काटक्या व पाने यांचे गोलसर रचलेले आणि बाजूने दार ठेवलेले असते. जवळून जाणाऱ्याला तो पाचोळ्याचा एक ढीग वाटावा. विणीचा हंगाम संपला, की नवरंग दक्षिणेकडे निघतो आणि हिवाळा दक्षिण भारतात व श्रीलंकेत काढतो. सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास शीळ घालणारा म्हणून तमिळनाडूत त्याला सहाच्या ठोक्याचा पक्षी अशा अर्थाचे नाव आहे. रात्रीच्या लांब प्रवासात थकलेला एखादा नवरंग मुंबईच्या बागेत किंवा घराच्या सज्जातही उतरतो.

हा पक्षी केव्हा येतो, कोठे वीण करतो, कोठे जातो, हे आज एखाद्या शाळकरी मुलालाही पुस्तक उघडून कळू शकते. शंभर वर्षांपूर्वी मात्र भारतीय पक्ष्यांचे ज्ञान बहुतांशी परदेशी अधिकाऱ्यांच्या नोंदींत आणि संग्रहालयांतील कातड्यांच्या पेट्यांत बंदिस्त होते. ते ज्ञान रानात नेऊन तपासण्याचे, वाढवण्याचे आणि सामान्य वाचकाच्या हाती देण्याचे काम ज्यांनी जन्मभर केले, ते डॉ. सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. लाजऱ्या, जमिनीलगत वावरणाऱ्या पक्ष्यांच्या दृष्टीने त्यांचे चरित्र वाचू गेले, तर त्यांचे यश जितके उठून दिसते तितकेच त्यांचे अपयशही; आणि दोन्हींतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते भावंडांत सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि अपत्यहीन मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरात या पोरक्या मुलांना वाढवले. त्या काळच्या सुखवस्तू घरांत शिकार हा पुरुषांचा मानाचा छंद होता. लहानग्या सलीमच्या हातीही एक खेळण्यातली हवाई बंदूक आली आणि थोर शिकारी होण्याची स्वप्ने त्याला पडू लागली. एके दिवशी त्याने एक चिमणी टिपली. हातात घेतल्यावर तिच्या कंठावर पिवळा डाग दिसला. घराभोवतीच्या चिमण्यांना असा डाग नसतो, हे त्या मुलाच्या ध्यानात आले आणि ही कोणती चिमणी, असा प्रश्न त्याने मामांना विचारला.

मामांना उत्तर ठाऊक नव्हते. परंतु प्रश्न टाळण्याऐवजी त्यांनी एक चिठ्ठी लिहून भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. ही संस्था १८८३ साली मुंबईतील आठ निसर्गप्रेमींनी स्थापन केली होती. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे एतद्देशीय होते. संस्थेचे तत्कालीन मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी बुजऱ्या मुलाचे मनापासून स्वागत केले, ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटांचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. वाचायला पुस्तके दिली. पुढे पक्ष्याचे कातडे सोलून टिकवण्याची, त्यावर स्थळ, दिनांक व मापे यांची चिठ्ठी बांधण्याची रीत सलीम तेथेच शिकला. बंदुकीने सुरू झालेला छंद अशा रीतीने नोंदवहीपर्यंत आला. मोठ्या माणसाने मुलाच्या लहानशा प्रश्नाला वेळ दिला, एवढीच ही घटना. परंतु भारतीय पक्षिशास्त्राची पुढील सात-आठ दशके तिच्यातून घडली.

शाळेतील प्रगती मात्र घरच्यांना काळजीत टाकणारी होती. आरंभीचे शिक्षण गिरगावातील मिशनच्या मुलींच्या शाळेत आणि नंतरचे सेंट झेवियर्समध्ये झाले. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखीने असे ग्रासले, की शाळा वारंवार बुडू लागली. कोरड्या हवेने बरे वाटेल म्हणून त्याला सिंधमध्ये नातलगांकडे धाडण्यात आले. १९१३ मध्ये मॅट्रिकची परीक्षा कशीबशी पार पडली. महाविद्यालयात पाऊल ठेवले खरे, पण तेथेही मन रमले नाही. शेवटी तवॉय येथे भावाच्या वोल्फ्रॅम खाणीचा व इमारती लाकडाचा व्यवसाय सांभाळण्यासाठी तो ब्रह्मदेशात गेला.

तवॉयच्या भोवताली तेनासेरिमची दाट, ओली, सदाहरित अरण्ये होती. व्यवसायाच्या हिशेबांपेक्षा तरुण सलीमचे पाय या अरण्यांकडेच अधिक वळले. वनखात्यातील काही जाणत्या अधिकाऱ्यांशी तेथे मैत्री जडली. भारताच्या कोरड्या रानांत पक्षी शोधताना नजर दूर जाऊ शकते. सदाहरित अरण्यात चार हातांपलीकडचे दिसत नाही आणि कानच डोळ्यांचे काम करतात. अशा ठिकाणी जमिनीवरचा पक्षी प्रथम ऐकू येतो. दिसतो तो पुष्कळ वेळाने, तोही पाहणारा निश्चल राहिला तर. या भटकंतीत त्यांना आपल्या अपुऱ्या ज्ञानाची जाणीव तीव्रतेने झाली. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी एकीकडे व्यापारी कायदा व हिशेबाचे शिक्षण घेतले, तर दुसरीकडे सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ब्रह्मदेशातील व्यवसाय पुढे बुडाला आणि पतिपत्नी रिकाम्या हातांनी मुंबईस आली.

यापुढची काही वर्षे फार ओढगस्तीची होती. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती. पण विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्याने ती त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) नव्या निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून ३५० रुपये वेतनावर ते रुजू झाले. दोनेक वर्षांत काचेआडच्या पक्ष्यांचा त्यांना कंटाळा आला. रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात प्रा. एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. पक्ष्याचे नाव आणि माप यांवर न थांबता त्याचे वर्तन, त्याचा अधिवास आणि त्याचे स्थलांतर यांचा एकत्र विचार करण्याची दृष्टी त्यांना तेथे मिळाली. पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचे तंत्रही त्यांनी हेल्गोलँड बेटावरील केंद्रात पाहिले. १९३० मध्ये ते परतले तेव्हा संग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली होती.

नोकरी गेली म्हणून ती दोघे अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेली. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात सलीम अली आडोशाला बसून तासन्‌तास एकाच वसाहतीचे निरीक्षण करीत राहिले. नर एक घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच त्यात राहते. नर मग ते पूर्ण करून दुसऱ्या घरट्याच्या विणकामास लागतो आणि अशा रीतीने एकामागून एक माद्यांशी संसार मांडतो, हे त्यांनी नोंदींच्या आधारे दाखवून दिले. हा निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव जाणकारांच्या वर्तुळात पोहोचले. कोकणातल्या एका पावसाळ्यात, कोणत्याही पदाविना आणि वेतनाविना केलेले हे काम होते. त्यासाठी लागले ते बसण्याचे बळ, लक्षपूर्वक पाहणे आणि पाहिलेले त्याच दिवशी लिहून ठेवणे.

यानंतर त्यांनी एक धाडसी मार्ग निवडला. संस्थानांनी तळाचा व प्रवासाचा खर्च उचलावा, आपण विनावेतन त्यांच्या प्रदेशातील पक्ष्यांची पाहणी करून देऊ, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा एकेका मुलखात त्यांचे तंबू पडले. तेहमिनाबाईंनी इंग्लंडात आणि मुंबईत अनुभवलेले सुखासीन जीवन मागे टाकून या खडतर भटकंतीत त्यांना साथ दिली. पतीच्या इंग्रजी लेखनाला डौल आला तोही त्यांच्या सहवासाने. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे अकाली निधन झाले. सलीम अली आतून कोसळले. पुढे बहीण कमू आणि मेहुणे हसन यांच्या घरी राहून त्यांनी स्वतःस कामात गाडून घेतले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

या पाहण्यांत त्यांनी पक्षी मारूनही जमवले, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही आणि त्यांनीही ती कधी लपवली नाही. त्या काळी सारखे दिसणारे पक्षी हातात घेऊन ताडून पाहिल्यावाचून खात्रीने वेगळे करता येत नसत. पण वय वाढत गेले तसा त्यांचा भर दुर्बीण, नोंदवही आणि पायातील कडे यांवर वाढत गेला. १९५९ नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. गोचिडींमार्फत पसरणाऱ्या क्यासनूरच्या तापाशी स्थलांतरी पक्ष्यांचा काही संबंध आहे काय, हा त्यामागील एक प्रश्न होता. पक्षी न दुखावता पकडण्यासाठी जाळ्यांची जोड हवी तशीच कसबी हातांचीही. ते हात बिहारमधील मीरशिकार या पारंपरिक पारध्यांचे होते. पुस्तकी विद्वानांना पक्ष्याची जात ठाऊक असते, तर तो कोणत्या झुडपाखालून कोणत्या वेळी बाहेर पडेल, हे पिढीजात पारध्याला. सलीम अली यांनी या दुसऱ्या ज्ञानाला संशोधनात मानाचे स्थान दिले.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. रंगीत चित्र, सोपे वर्णन, पक्षी कोठे व कसा आढळतो याची थोडक्यात माहिती, अशी त्याची रचना होती. या पुस्तकाने भारतात पक्षिनिरीक्षण साहेबांच्या क्लबातून बाहेर काढून शिक्षकांच्या, कारकुनांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हाती दिले. त्यानंतर अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ सिद्ध केला. १९६८ ते १९७४ या काळात, वयाच्या सत्तरीत, तो पूर्ण झाला. उपखंडातील प्रत्येक पक्ष्याची वीण, अन्न, आवाज, वावर आणि स्थलांतर यांविषयी विखुरलेली माहिती त्यात पारखून एकत्र आली. झालानासारख्या रानात पहिल्या पावसाबरोबर नवरंगाची वाट पाहणारा आजचा निरीक्षक ज्या ज्ञानावर विसंबतो, त्याची पक्की बांधणी या खंडांतून झालेली आहे.

एवढे करूनही काही पक्ष्यांनी त्यांना दर्शन दिले नाही. मसुरी आणि नैनितालच्या गवताळ उतारांवर एके काळी पहाडी लावा नावाचा पक्षी होता. दाट गवतात दडणारा, पायाखाली येईपर्यंत न उडणारा हा पक्षी १८७६ नंतर कोणालाही खात्रीने दिसलेला नाही. सलीम अली यांनी त्याचा शोध घेतला आणि ते रिकाम्या हातांनी परतले. तराईतील फिनची सुगरण त्यांनी पुन्हा शोधून काढली, म्हणजे हरवलेला पक्षी हुडकण्याची हातोटी त्यांच्या ठायी होती. पण लाव्याबाबत अपयश आले, तर त्यांनी ते अपयश म्हणूनच नोंदवले. न दिसलेला पक्षी दिसला असे लिहिण्याचा मोह ज्यांना आवरत नाही, त्यांच्या एका खोट्या नोंदीने पुढच्या शोधकांची वर्षे वाया जातात. जमिनीवरच्या लाजऱ्या पक्ष्याच्या बाबतीत तर हा धोका अधिक, कारण त्याला पाहणारा बहुधा एकटाच असतो आणि त्याच्या सचोटीखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

राजस्थानशी सलीम अली यांचे नाते भरतपूरमुळे जडले. घना हे भरतपूरच्या महाराजांचे बदकांच्या शिकारीचे पाणथळ रान. १९३८ मध्ये व्हाइसरॉयच्या सन्मानार्थ तेथे एकाच दिवशी ४,००० हून अधिक पक्षी मारले गेले होते. स्वातंत्र्यानंतर ते पाणी शेतीसाठी काढून घ्यावे, अशी मागणी पुढे आली. सलीम अली यांनी पंडित नेहरूंपर्यंत हा प्रश्न नेला आणि घना वाचला. पुढे तेथे हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली गेली. १९८५ मध्ये या उद्यानाचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

परंतु भरतपूरच्याच इतिहासात एक दुखरी बाजूही आहे. उद्यानात गुरे चारण्यावर १९८२ मध्ये बंदी घालण्यात आली. त्या बंदीमागे सलीम अली यांचाही आग्रह होता. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही माणसे प्राणांस मुकली. सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी केलेल्या प्रदीर्घ अभ्यासातून पुढे असे दिसून आले, की म्हशी चरेनाशा झाल्यावर पाण्यात गवत माजले आणि पाणपक्ष्यांसाठीची मोकळी जागा आकसली. म्हणजे म्हशींची चराई ही त्या पाणथळीच्या घडणीचाच एक भाग बनली होती. थोर जाणकाराचाही अंदाज चुकू शकतो आणि ती चूक माणसांना महाग पडू शकते, हे यातून शिकावे. त्याचबरोबर हेही शिकावे, की ज्या संस्थेचा आधारस्तंभ सलीम अली होते, त्याच संस्थेने आपल्या आधारस्तंभाच्या मताविरुद्ध जाणारे निष्कर्ष जगापुढे ठेवले. निरीक्षणाला व्यक्तीपेक्षा वर मानण्याची शिस्त त्यांनीच तेथे रुजवली होती.

जमिनीवरच्या पक्ष्यांविषयी त्यांना किती कळकळ होती, याचे एक उदाहरण माळढोकाचे आहे. भारताचा राष्ट्रीय पक्षी निवडण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी माळढोकाचा पक्ष घेतला. मोर सर्वांचा लाडका आहे, त्याला संरक्षणाची तितकी निकड नाही. उलट माळरानावर वावरणारा हा भव्य आणि भित्रा पक्षी झपाट्याने नाहीसा होत आहे, असा त्यामागील विचार होता. १९६३ मध्ये बहुमान मोराला मिळाला. महाराष्ट्रात सोलापूरजवळील नान्नजच्या माळावर एके काळी दिसणारे माळढोक आज जवळपास नाहीसे झाले आहेत आणि देशातील उरलेल्या पक्ष्यांपैकी बहुतेक राजस्थानच्या वाळवंटी भागात आहेत.

आयुष्याच्या संध्याकाळी मात्र त्यांच्या संस्थेला एक विलक्षण आनंद लाभला. आंध्र प्रदेशातील काटेरी झुडपांच्या रानात राहणारा, रात्री बाहेर पडणारा आणि जमिनीवर धावणारा जेर्डनचा धाविक हा पक्षी डॉ. जेर्डन यांनी १८४८ च्या सुमारास प्रथम नोंदवला होता. १९०० नंतर त्याची एकही खात्रीशीर नोंद नव्हती. तो कायमचा नष्ट झाला, असेच बहुतेकांनी मानले होते. सोसायटीचे तरुण संशोधक भारत भूषण यांनी कडप्पा जिल्ह्यातील गावोगावी चौकशी केली. तेलुगू भाषक शिकारी त्या पक्ष्याला कलिवि कोडी या नावाने ओळखत होते. जानेवारी १९८६ मध्ये एका स्थानिक शिकाऱ्याने रात्री विजेरीच्या उजेडात तो पक्षी जिवंत पकडला. ८६ वर्षे शास्त्राला न गवसलेला पक्षी गावकऱ्यांच्या बोलीत मात्र जिवंत राहिलेला होता. तो पकडलेला पक्षी वाचला नाही. परंतु त्यामुळे त्याच्या रानाला लंकामल्लेश्वर अभयारण्य म्हणून संरक्षण लाभले आणि एका कालव्याचा मार्गही त्याच्यासाठी पुढे वळवावा लागला. पक्षी शोधायचा तर आधी त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला विचारावे, हा सलीम अली यांच्या पाहण्यांतील जुना धडा या शोधाने पुन्हा खरा ठरला.

मानसन्मान त्यांना पुष्कळ मिळाले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीला देऊन टाकली. मोटारसायकलींचे त्यांना विलक्षण वेड होते. १९५० मध्ये स्वीडनमधील पक्षिशास्त्र परिषदेसाठी आपली सनबीम गाडी जहाजाने युरोपात नेऊन चौपन्नाव्या वर्षी ते तिच्यावरून हिंडले. आत्मचरित्राचे नाव ठेवताना त्यांनी मान दिला तो बालपणीच्या त्या चिमणीला. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदीत, मुंबईत त्यांचे निधन झाले. तो ऋतू नवरंगांच्या आगमनाचा होता.

आज रानात जाणे सोपे झाले आहे आणि हातातल्या भ्रमणध्वनीत प्रत्येक पक्ष्याची शीळ साठवलेली असते. ती वाजवली, की विणीच्या दिवसांत नवरंगाचा नर प्रतिस्पर्धी आला असे समजून बावरतो, घरटे सोडून उघड्यावर येतो आणि छायाचित्र मिळते. तेवढ्या वेळात घरट्याचे काय होते, ते त्या छायाचित्रात दिसत नाही. किहीमच्या पावसात वसाहतीसमोर बसून राहणाऱ्या माणसाची रीत याहून वेगळी होती. वाटेवरच थांबावे, बोलणे बंद करावे, शिळेची दिशा कानांनी निश्चित करावी, नजर फांद्यांवरून खाली पाचोळ्यावर आणावी आणि पाने हलण्याची वाट पाहावी. पक्षी दिसला तर वेळ, जागा आणि वागणूक नोंदवावी. न दिसला तर तेही नोंदवावे. झालानात वाहनातून उतरण्यास मनाई आहे, पण वाहन थांबवून निःशब्द राहण्यास कोणाचीच मनाई नाही. आणि पाचोळा झाडून, झुडपे तोडून रान नीटनेटके केले, तर नवरंगाला उतरायला जागाच उरत नाही, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्याचा आरंभ अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी आणि सांगता सलीम अली यांच्या जन्मदिनी होते. त्या आठवड्यात अनेक शाळांची मुले वह्या घेऊन जवळच्या टेकडीवर किंवा तळ्यावर जातात. त्यांतील एखादे मूल गणितात मागे असेल, एखादे सारखे आजारी पडत असेल, एखादे परीक्षेत जेमतेम उत्तीर्ण होत असेल. ते मूल घरी येऊन हातातले पीस पुढे करील आणि हे कोणत्या पक्ष्याचे, असे विचारील. उत्तर ठाऊक नसेल तर अमिरुद्दीन मामांनी केले तेच करावे : प्रश्न उडवून लावू नये, आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याच्या दारापर्यंत मुलाला पोहोचवावे.